‘नावाडी’चा सहावा भाग

मिनेगिशी सातोको आली तेव्हा वाकुई शिगेहारू जिन्यात उभा राहून तळमजल्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याशी हुज्जत घालत होता. लॉन्ड्रीची वाफ नळीवाटे थेट त्याच्या कचेरीच्या खिडकीवर येई आणि थंडी पडू लागली की काचा पुसता पुसता नाकी नऊ येत. तिला पाहताच वाद अर्धवट सोडून तो म्हणाला, "अगं, तू? ओसाका सोडून कोबेला? आणि हातात खोका! म्हणजे काम मोठं दिसतंय."

ती कमरेतून वाकली आणि वाकलेलीच म्हणाली, "वाकुईसान, आधी वर जाऊ या का?"

वर एकच खोली होती. त्यात पाच माणसं व्हिडिओ गेम बनवत. त्या वेळी एका बेटावरच्या टपालवाल्या बाईचा छोटासा खेळ हाती होता. प्रोग्रॅमर उराबे हा वाकुईच्याच वयाचा, साठी ओलांडलेला. पूर्वी दोघे, मिनेगिशी जिथून आली त्याच ओसाकाच्या कंपनीत एकत्र होते आणि एकाच महिन्यात तिथून बाहेर पडले होते. उराबेने खोक्याचा कागद फाडला, चेस्टनटचं सारण भरलेली एक मिठाई तोंडात टाकली आणि म्हणाला, "कंपनी मिठाई पाठवते ती दोनच वेळा. माफी हवी असली की, नाहीतर माणूस हवा असला की. माफी ती या जन्मात मागणार नाही."

"उराबेसान, तुम्ही अजिबात बदलला नाहीत," मिनेगिशी म्हणाली.

"बदललो की. दात गेले."

ती हसली, पण लगेच गंभीर झाली. "‘नावाडी’चा सहावा भाग हाती घेतलाय. हा शेवटचा. आमचे विभागप्रमुख मोगामीसाहेब, त्यांनी तसं ठरवलंय. त्यांना वाटतं, आणि मलाही वाटतं, की शेवटचा भाग तुम्ही करावा."

वाकुईने खिडकीची काच पुसायला घेतली. ती नुकतीच पुसलेली होती.

‘नावाडी’ ही त्याची निर्मिती होती. तो ओसाकाच्या ताइशो भागात वाढला. तिथल्या नद्यांतून जहाजांची ये-जा असल्यामुळे पुलांपेक्षा महापालिकेच्या फुकट होड्यांवर लोकांचा अधिक भरवसा. आईचं बोट धरून, पुढे सायकल धरून तो रोज त्या होडीने पलीकडे जात असे. कंपनीत लागल्यावर त्याने त्यावर एक खेळ रचला. एक म्हातारा नावाडी, एक नदी आणि एकामागून एक येणारे प्रवासी. प्रवाह ओळखून वल्हं मारायचं आणि माणसाचं बोलणं ऐकत त्याला पलीकडे पोचवायचं. एवढंच. तरी लोकांनी तो खेळ डोक्यावर घेतला. तिसऱ्या भागानंतर वरिष्ठांना नावाड्याच्या हाती तलवार हवी झाली. वाकुई भांडला नाही. त्याने राजीनामा दिला. तलवारीचा चौथा भाग बुडाला. पाचवा मिनेगिशीने वर काढला. तिसऱ्या भागाच्या वेळी विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली ही मुलगी प्रवाशांचे संवाद लिहायला आली होती. आता ती दिग्दर्शिका होती.

नावाडी कायद्याने कंपनीचा होता आणि वाकुईला ते मान्यही होतं. अडचण निराळीच होती. नावाड्याचा शेवट काय होतो ते त्याला ठाऊक होतं. कंपनी सोडली त्या हिवाळ्यात तो शेवट त्याला सुचला, आणि मग तो ना दुसऱ्या कुठल्या खेळात बसेना, ना मनातून जाईना. त्याने तो कुणालाच सांगितला नव्हता, उराबेलाही नाही. सांगून उपयोगही नव्हता, कारण तो घडवण्याची एकच जागा होती आणि तिचं दार त्याने स्वतः लावून घेतलं होतं.

"आणि तू?" त्याने विचारलं. "दिग्दर्शन मी केलं तर तू काय करणार?"

"तुमच्या हाताखाली काम करीन. पूर्वीसारखी."

"पूर्वी तू माझ्या हाताखाली रडायचीस."

"आता नाही रडणार," ती म्हणाली. "वाकुईसान, निदान एकदा येऊन बघा तरी."

ती गेल्यावर उराबे म्हणाला, "काय नवरदेव, मुलगी पाहायला कधी निघायचं?"

"गप रे. टपालवाल्या बाईचं काय करायचं मग?"

"टपालवाली थांबेल. तिला सवय आहे." मग तो खुर्चीत वळला आणि वेगळ्या आवाजात म्हणाला, "तुला जायचंय. कपाळावर लिहिलंय तुझ्या. जा."

डिसेंबरात वाकुई कंपनीत गेला. पाहुण्याचा बिल्ला लावून तो चौथ्या मजल्यावर पोचला, तेव्हा तिथली सगळी माणसं उभी राहिली. बहुतेकांना तो ओळखत नव्हता. ते मात्र त्याला ओळखत होते. त्यांतले काही शाळकरी वयात त्याचा खेळ खेळून याच धंद्यात आले होते. एका उंच तरुणाने खुर्ची पुढे केली, दुसऱ्याने कंट्रोलर दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरला, व्हिजिटिंग कार्ड देतात तसा.

पडद्यावर नदी होती. इतकी खरी नदी त्याला कधी करता आली नव्हती. पाण्यावर ऊन हलत होतं, काठच्या बोरूंतून वारा जात होता. एक शिंपीण गाठोडं घेऊन नावेत बसली. बसल्यावर ती मागे वळली आणि सोडून चाललेल्या काठाकडे पाहत राहिली. पाणी थांबल्यासारखं झालं. नावाड्याचा हात वल्ह्यावर तसाच राहिला. मग केव्हातरी वल्हं पाण्यात शिरलं आणि नाव निघाली.

वाकुई मोठ्याने हसला. "हे अजून ठेवलंय तुम्ही?"

उंच तरुणाने मान डोलावली.

"अहो, ही लबाडी होती. त्या काळचं यंत्र खेळाच्या तबकडीवरून पलीकडच्या काठाची चित्रं वाचून घ्यायला वेळ लावायचं. तोवर पडदा काळा ठेवायचा की काय? म्हणून प्रवाशाला मागे बघायला लावलं. उराबेला विचारा, त्यानेच ते लिहिलंय. आता कशाला हवं? मी असतो तर सगळ्यात आधी हेच काढलं असतं."

सगळे नम्रपणे हसले. मिनेगिशीही हसली. त्यानंतर त्याने तासभर नाव चालवली आणि मनापासून स्तुती केली. निघताना सगळे पुन्हा उभे राहिले आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत वाकलेलेच राहिले.

परतीच्या गाडीत बसायचं सोडून तो ताइशोकडे वळला. होडीच्या धक्क्यावर संध्याकाळची माणसं सायकली धरून उभी होती. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी, भाजीची पिशवी घेतलेली एक बाई, कारखान्यातून सुटलेले दोन पुरुष. होडी लागली, सगळे चढले, कामगाराने साखळी अडकवली आणि होडी निघाली. वाकुई मुद्दाम लक्ष देऊन पाहत राहिला. मागे वळून कुणीच पाहिलं नाही. मुलगी फोनमध्ये होती, बाई सायकलचा ब्रेक घट्ट धरून होती, पुरुषांतला एक जांभई देत होता. वाकुईला समाधान वाटलं. खरी माणसं नदी ओलांडतात ती अशी. ते थांबणं खोटं होतं आणि ते खोटं त्याच्या नावावर लोकांनी इतकी वर्षं जपलं होतं. ते दुरुस्त करायचं, आणि मग तो शेवट. पलीकडच्या धक्क्यावर उतरेपर्यंत त्याने मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता. मोगामींना मात्र त्याने एवढंच कळवलं, की नवीन वर्षाची सुट्टी झाली की पुन्हा येतो आणि तेव्हाच सांगतो.

जानेवारीच्या मध्यावर तो पुन्हा चौथ्या मजल्यावर गेला. सगळे पुन्हा उभे राहिले. काहींचे डोळे लाल होते. सुट्टीत लोक घरी जातात, आईच्या हातचं खातात, देवळात जातात. या लोकांचे चेहरे तसे दिसत नव्हते.

शिंपीण नावेत बसली आणि लगेच वल्हं पाण्यात शिरलं. नाव निघाली.

त्याने पुढचा प्रवासी घेतला. एक वैद्य. बसला, आणि नाव निघाली. मग एक लहान मुलगा. बसला, निघाली.

"काढलंत?" त्याने विचारलं.

"हो," उंच तरुण म्हणाला. तो प्रवाशांच्या हालचाली चितारणारा होता. "सगळ्याच प्रवाशांचं काढलं. संगीतही त्याप्रमाणे नव्याने बसवलं. संवादांचे काही भाग त्या वेळात येत होते, तेही गाळले."

"प्रत्येकाची मागे बघायची तऱ्हा वेगळी होती का?"

"होती. म्हणजे, मी तशी चितारली होती. पण आता काही हरकत नाही." तो वाकला. "योग्य वेळी दाखवून दिल्याबद्दल आम्ही आभारी आहोत."

"कुणी सांगितलं काढायला?"

तरुणाने शेजाऱ्याकडे पाहिलं, शेजाऱ्याने मिनेगिशीकडे. "तसं कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "सगळ्यांच्याच मनात आलं."

वाकुईने कंट्रोलर मांडीवर ठेवला. नाव आता त्याला हवी होती तशीच चालत होती आणि त्यात त्याला एकही चूक काढता येत नव्हती. तरी त्याला आत कुठेतरी भीती वाटली. ती नेमकी कशाची, हे पडताळून पाहायला तो जरा विचार करून, अगदी शांत चेहऱ्याने म्हणाला, "मला वाटतं, नदी उलटी वाहिली तर? समुद्राकडून डोंगराकडे."

तो हशा पिकायची वाट पाहत होता. कुणीतरी म्हणावं, वाकुईसान, तब्येत बरी आहे ना? त्याऐवजी तीन-चार जणांनी ते लिहून घेतलं. मागच्या रांगेतून एक हलका आवाज आला, "प्रवाहाचं गणित बदलावं लागेल, पण मार्चपर्यंत होऊ शकेल."

"नको," वाकुई घाईघाईने म्हणाला. "गंमत केली मी."

ते त्यांनी खोडलं की नाही, हे त्याला नीट दिसलं नाही.

दुपारी तो आणि मिनेगिशी कंपनीच्या उपाहारगृहात समोरासमोर बसले. दोघांनीही रस्स्यातल्या जाड शेवयांचे उदोन घेतले होते. तळलेल्या टोफूचा तुकडा रस्स्यात बुडवत वाकुईने विचारलं, "ते काढल्यावर कसं वाटतंय तुला?"

"वेग आलाय. रेंगाळत नाही आता."

"मी खेळाचं नाही विचारलं. तुला कसं वाटतंय?"

तिने चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवल्या. "मला ते हवं होतं," ती म्हणाली. "होतं त्याहून लांब हवं होतं. सहाव्या भागात सगळे प्रवासी शेवटचे जाणारे आहेत. गाव रिकामं होतंय. ते मागे बघतात तेव्हा काय बघतात, त्यावर मी सगळी गोष्ट बांधली होती."

"सगळी?"

"जवळजवळ."

"आणि तू ती मोडलीस."

"तुम्ही म्हणालात."

"मी म्हणालो! अगं, मी हसत हसत म्हणालो. म्हातारा माणूस काहीही बरळतो. तू म्हणायचंस, ‘वाकुईसान, तुमचं तुमच्यापाशी, हा खेळ माझा आहे.’"

"तुमच्यासमोर?" ती म्हणाली. त्या एका शब्दात विनोद नव्हता आणि तक्रारही नव्हती. शक्यच नसलेल्या गोष्टीबद्दल माणूस बोलतो, तशी ती बोलली.

वाकुईने ताइशोच्या होडीतलं दृश्य तिला सांगितलं. खरी माणसं मागे पाहत नाहीत, हे त्याने मोठ्या खात्रीने सांगितलं.

"ती परत येणार असतात," मिनेगिशी म्हणाली. "संध्याकाळी."

एवढं बोलून ती स्वतःच दचकली आणि "माफ करा" म्हणाली. वाकुई मात्र तिच्याकडे पाहत राहिला. तिचं म्हणणं बरोबर होतं का? त्याला अजूनही पटलं नव्हतं. ते थांबणं त्याच्या लेखी अजूनही लबाडीच होतं. त्याला तिच्याशी भांडायचं होतं, तासभर, टेबलावर हात आपटून, उराबेशी भांडतो तसं. आणि त्याच क्षणी त्याला कळलं, की तो दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसला तर हे भांडण कधीच होणार नाही. तिथे त्याचा हट्ट, त्याची थट्टा, त्याची जांभई, सगळ्याचा आदेश होईल. चाळीस हुशार माणसं आपापल्या मनातली नदी बाजूला सारतील आणि त्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत बसतील. त्यांचा अंदाज चुकणार नाही, हे तर आणखी वाईट.

"मी येत नाही, मिनेगिशी," तो म्हणाला.

"आमचं काही चुकलं का?"

"हेच बघ. लगेच चूक शोधायला लागलीस. तुमचं काही चुकलं नाही."

"मी बोलायला शिकेन. आजच्यासारखं."

"तू शिकशील. आत्ता थोडं शिकलीसही. पण त्या उंच मुलाचं काय? त्याने सुट्टीत स्वतःचं काम स्वतःच्या हाताने पुसलं आणि माझे आभार मानले. मला ते आभार पचणार नाहीत."

आजूबाजूला ट्रे ठेवल्याचे, खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. उदोन थंड झाले होते, तरी दोघांनी ते खायला घेतले, कारण टाकून उठणं दोघांनाही जमलं नसतं.

वाडगं संपत आल्यावर तिने विचारलं, "एक विचारू? तुम्ही कंपनी सोडली तेव्हापासून सगळे म्हणतात की शेवट तुमच्या मनात होता. नावाड्याचं शेवटी काय होतं?"

हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं आणि तो यावा असंही त्याला वाटत होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. तिने ते मान खाली घालून ऐकलं असतं, एकही शब्द न विसरता, आणि जसंच्या तसं केलं असतं. इतकं सुंदर केलं असतं, की त्याला स्वतःला जमलं नसतं. तिच्या गोष्टीत ते बसतंय की नाही, हे मात्र तिने कुणाला कळू दिलं नसतं.

"विसरलो," तो म्हणाला.

"विसरलात?"

"वय झालं. आणि लोक काहीही म्हणतात. तुझ्याकडे शेवट आहे ना?"

"आहे एक. कच्चा आहे. नावाडी..."

"अंहं!" त्याने हात वर केला. "मला सांगू नकोस. दुकानातून आणीन आणि खेळेन. आवडला नाही तर फोन करून शिव्या देईन."

"द्या," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, ट्रे उचलता उचलता, "त्या वेळी मी ऐकून घेईनच असं नाही."

"आता कसं!"

मोगामींना त्याने त्याच दुपारी सांगितलं. मोगामी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि मग दुसरा पर्याय पुढे ठेवला. "निदान खेळाच्या खोक्यावर तुमचं नाव तरी असू द्या, वाकुईसान. ‘मार्गदर्शन’ म्हणून. तुम्हाला काही करावं लागणार नाही."

"काही न करता नाव लावलं, तर मिनेगिशीने जे चांगलं केलं त्याची शाबासकी मला मिळेल, आणि ती काही नवं करायला गेली की लोक म्हणतील, म्हाताऱ्याने होऊ कसं दिलं. दोन्ही नकोत, साहेब."

दुसऱ्या दिवशी कचेरीत उराबेने चहा पुढे केला आणि काही न विचारता काम करत बसला. बाकीचे तिघे जेवायला बाहेर गेले होते. खिडकीवर वाफ साचली होती. वाकुईने सगळं सांगितलं. उलट्या नदीपाशी उराबेला ठसका लागला.

"मग शेवट सांगितलास तिला?"

"नाही."

"होता तरी का खरंच?"

"होता." वाकुईने कपातल्या चहाकडे पाहिलं. आता तो शेवट कुठेच घडणार नव्हता. तेव्हा सांगायला हरकत नव्हती. तो सावकाश सांगू लागला. "पहाट असते. धक्क्यावर कुणी नाही. नावाडी एकटाच येतो, दोर सोडतो आणि पहिल्यांदाच कुणालाही न घेता नाव पाण्यात घालतो. खेळणाऱ्याला वाटतं, पलीकडे कुणीतरी वाट बघत असेल. पण पलीकडेही कुणी नसतं. तो नाव लावतो, वल्हं आत ठेवतो आणि उतरतो. इतक्या वर्षांत तो त्या काठावर कधीच उतरलेला नसतो. मग तो चालत जातो. बोरूंतून, टेकडीवर. आणि खेळणाऱ्याच्या हातातला कंट्रोलर काहीच करेनासा होतो. बस."

उराबेने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. वाकुईला वाटलं की त्याला गहिवरून आलं आहे.

"आणि अलीकडची माणसं?" उराबेने विचारलं.

"कुठली माणसं?"

"सकाळ झाल्यावर अलीकडच्या धक्क्यावर येतील ती. नाव तर हा पलीकडे टाकून गेला. ती जाणार कशी?"

इतक्या वर्षांत वाकुईने त्या पहाटेचा रंग ठरवला होता, बोरूंचा आवाज ठरवला होता, टेकडीवरची पायवाट किती वळणं घेते तेही ठरवलं होतं. अलीकडच्या धक्क्याकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

"दुसरी नाव असेल," तो म्हणाला.

"कुठली दुसरी? पाचही भागांत एकच नाव आहे. मीच बांधलीय ती."

"मग पोहत जातील!"

"म्हातारी शिंपीण पोहत जाईल? गाठोडं घेऊन?"

"अरे, शेवट आहे तो, सरकारी वेळापत्रक नव्हे!"

"तू चिडलास म्हणजे माझं बरोबर आहे," उराबे म्हणाला आणि पुन्हा पडद्याकडे वळला.

वाकुईने खुर्ची ओढून उराबेच्या शेजारी आणली, एक कोरा कागद घेतला आणि त्यावर नदीचे दोन काठ काढले.